सुबुद्धी सवडीने, पाणी आधी

आदरणीय दाजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (पेन खाली ठेवून खरोखर जोडले, नुसते लिहिण्यापुरते नव्हेत.) ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? तिला सांगा, मलम लावून लगेच ओट्याशी उभं राहायचं नसतं, मलमालाही कामाला वेळ लागतो. तुमचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. सभागृहात बोलताना तुम्ही मधेच थांबून पाणी पिता, त्याला वर्तमानपत्रवाले सूचक मौन म्हणतात. ताई म्हणते ती ढास आहे. तब्येतीने तुम्ही जरा भरलेले वाटता. निदान आपल्या गावच्या शाळेच्या नव्या कमानीसमोरच्या फोटोत तरी तसे वाटलात. (तो फोटो जुना झाला. त्यानंतरचे तुमचे फोटो मला दिसत नाहीत. त्याचं कारण आणि हल्लीच्या काळात मी कागदावर पत्र का लिहितोय याचं कारण एकच आहे, ते शेवटी सांगतो.) इकडे आम्ही सर्व ठीक. फक्त माझी नोकरी जरा आजारी आहे.

ताईने फोनवर तुमचा निरोप दिला. एक ओळ माफीची लिहून टाक, ती पोस्ट काढून टाक, म्हणजे समितीपुढे प्रकरण वाढणार नाही. निरोप डोक्याला लावला आणि बाजूला ठेवला. दाजी, माफी मी लिहिणार नाही आणि पोस्टही काढणार नाही. तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हाला कारणं मागायचा हक्क आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. (कारणं आमच्या साहेबांनीही मागितली आहेत, पण त्यांच्या नोटिशीत कारणांसाठी जागा अर्ध्या ओळीची सोडली आहे.) हे पत्र वशिल्यासाठी नाही. सरकारी खाती आपापल्या सोशल मीडियाच्या पेजवर नक्की काय करतात, कोणाचे फोटो टाकतात, कोणाच्या तक्रारी पुसतात, कोणाला ब्लॉक करतात, हे तपासायला सभागृहाने समिती नेमली आणि तुम्ही तिचे सदस्य झालात, याचा आम्हा सर्वांना अभिमानच आहे. सोमवारी त्या समितीपुढे आमचं पाणीपुरवठा खातं उभं राहणार आणि त्यातला ‘संबंधित कर्मचारी’ म्हणून शपथ घेऊन मी उभा राहणार. हे पत्र तिथे मोठ्याने वाचलंत तरी माझी हरकत नाही. त्यासाठीच अक्षर मोठं काढलं आहे.

मी या पेजचा कारभारी कसा झालो ते तुम्हाला ठाऊक नसेल. मागच्या वर्षी साहेबांनी बैठकीत विचारलं, खात्याचं पेज कोण सांभाळणार? सगळे एकदम आपापल्या फायलींत काहीतरी शोधू लागले. माझ्यापुढे फाइल नव्हती (ती शेजारच्याने कपाखाली घेतली होती), त्यामुळे मी एकटाच मान वर करून बसलेला दिसलो आणि ती संमती धरली गेली. खात्याचा फोन माझ्या हाती आला. काळा, चपटा, कडेला एक ओरखडा असलेला. माझा स्वतःचा फोनही काळा, चपटा, आणि ओरखडे त्यालाही आहेत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांना फक्त कात्रीचा नाद आहे. नवा पंप आला की ते फीत कापतात. जुना पंप दुरुस्त झाला की फीत कापतात. एकदा पंप दुरुस्तीला न्यायचा होता, तर तो ट्रकवर चढवण्याआधीही कापली. खात्यात त्यांना ‘फीतकापे’ म्हणतात. (तोंडावर नाही. तोंडावर आम्ही ‘साहेब’ म्हणतो आणि फीतकापे हे चेहऱ्यावर ठेवतो.) पेज माझ्याकडे आल्यावर रोज सकाळी त्यांच्याकडून फोटो येऊ लागले, आणि सोबत एक आदेशही निघाला. खात्याच्या प्रत्येक पोस्टला प्रत्येक कर्मचाऱ्याने सकाळचा चहा टेबलावर यायच्या आत लाइक करायचं. आम्ही त्याला ‘अंगठा देणं’ म्हणतो. कोणाचा अंगठा आला, कोणाचा राहिला, हे आमच्या आस्थापनाबाई स्क्रीनवर बोट फिरवत बघतात आणि राहिलेल्याच्या टेबलाजवळ येऊन खाकरतात. लोकांना सवय लागली. टेबलावर पिशवी ठेवायची, पंखा लावायचा, अंगठा द्यायचा. वाचण्याचा प्रश्नच नाही. मधे आमचा एक जुना फिटर वारला, त्याची दुःखद बातमी मी पेजवर टाकली, तर साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनी तिलाही चहाच्या आत अंगठा वर केला. त्याच्या बायकोने ते पाहिलं असेल का, याचा विचार मी अजून करतो.

मी मात्र अंगठा देत नसे. सकाळी देवासमोर बसून आज खोटं बोलणार नाही असं म्हणायचं, आणि तासाभरात ऑफिसात येऊन न आवडलेल्या गोष्टीला आवडली म्हणायचं, हे मला जमेना. आस्थापनाबाई येऊन खाकरल्या. “व्हॉल्व्हचा एवढा छान फोटो आहे, तो तरी आवडला ना?” मी म्हटलं, “व्हॉल्व्ह आवडला असता बाई, पण साहेब त्याच्या पुढे उभे आहेत.” त्या म्हणाल्या, “अहो, तुमच्या या तत्त्वापायी मला रोज तुमच्या टेबलापर्यंत चालत यावं लागतं. एवढंसं बोट तर हलवायचंय!” मी म्हटलं, “बोट एवढंसंच आहे, पण ते माझ्या हाताला लागलेलं आहे.” तेव्हापासून त्या लांबूनच खाकरतात.

आता मावशींबद्दल. मावशी म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत, एक निवृत्त नर्स आहेत, जुन्या वस्तीत एकट्या राहतात. रोज सकाळी नळाखाली काचेचा ग्लास धरायचा, तो खिडकीत उजेडाला ठेवायचा आणि त्याचा फोटो आमच्या पेजवर साहेबांच्या फितीखाली टाकायचा, हा त्यांचा नेम. पाणी कधी चहाच्या रंगाचं, कधी काढ्याच्या. खाली एकच ओळ : “आजचं.” गावच्या शाळेत आपल्याला गुरुजींनी शिकवलं होतं की पत्र आलं की उत्तर जायलाच हवं, मग ते ‘नाही’ असलं तरी. (तुम्हीही त्याच शाळेतले, तुम्हाला आठवत असेल.) म्हणून मी रोज उत्तर द्यायचो, “तक्रार मिळाली, दुरुस्ती शाखेला कळवली.” दुरुस्ती शाखेला खरोखर कळवायचोही. दुरुस्ती शाखा माझ्या टिपणाला काय करायची ते देव जाणे. अंगठा तरी नक्की दिला असेल. काही दिवसांनी मावशींनी लिहिलं, “कळवणाऱ्या भाऊ, तुम्ही स्वतः हे पाणी प्याल का?”  संध्याकाळी बस बदलून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे खरंच माणूस आहे तर! मला वाटलं मशीन उत्तर देतं.” मग ग्लास पुढे केला. दाजी, मी एक घोट घेतला. त्याहून पुढचं तुमच्या जेवणाच्या वेळेचा विचार करून लिहीत नाही. शेवटी मावशींनीच मला गोळी दिली आणि परत जाताना म्हणाल्या, “आता कळवताना जरा जोर लावा.”

एवढ्यात तुमच्या समितीचं पत्र खात्यात आलं आणि साहेबांच्या हातातली कात्री गळून पडली. समिती पेज बघणार, खालच्या कमेंटसुद्धा बघणार! तातडीची बैठक झाली. साहेब मला म्हणाले, “त्या ग्लासवाल्या बाईला ब्लॉक करा. आणि तिचे सगळे ग्लास पुसून टाका.” मी म्हटलं, “साहेब, ग्लास पुसून पाणी साफ होत नाही.” कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. साहेब म्हणाले, “हे पेज खात्याचं आहे.” मी म्हटलं, “खातं कोणाचं आहे?”  मग साहेब समजुतीने बोलले. ते म्हणाले, एक बाई रोज येऊन तेच तेच दाखवते, त्याने खात्याची प्रतिमा मलिन होते. मी म्हटलं, खिडकीवर रोज तोच माणूस तीच तक्रार घेऊन आला तर आपण खिडकी बंद करतो का? (करतो. पण त्याला निदान बंद झालेली खिडकी दिसते. ब्लॉक केलेल्या माणसाला तर इमारतच दिसेनाशी होते.) साहेबांनी मला उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं. मी विचार केला. ‘नाही’ हे उत्तर रात्री झोपून उठल्यावरही तसंच निघालं.

आणि आता ती सकाळ. तुम्हाला माहीत आहे, देवपूजा झाल्यावर मी आपल्या घरच्या ग्रुपवर एक ओळ पाठवतो. त्या दिवशी मनात जे होतं तेच लिहिलं आणि बसच्या रांगेत उभ्या उभ्या पाठवलं : “देवा, आमच्या साहेबांना सुबुद्धी दे आणि मावशींच्या नळाला स्वच्छ पाणी दे. दोन्ही एकदम जमण्यासारखं नसेल तर आधी पाणी दे. सुबुद्धी सवडीने दिलीस तरी चालेल.” ताईचे जोडलेले हात नेहमी लगेच येतात, ते आले नाहीत. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. बस आली, मी चढलो, आणि खिडकीची जागा मिळाल्याच्या आनंदात मी काळ्या चपट्या फोनांपैकी कोणता वापरला ते पाहिलंच नाही.

ऑफिसात पोचलो तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. पिशव्या ठेवल्या जात होत्या, पंखे लागत होते, अंगठे दिले जात होते. चहा आला. त्यानंतर आस्थापनाबाई माझ्याकडे चालत आल्या, आणि या वेळी खाकरल्या नाहीत. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. खात्याचं पेज, वर खात्याचं बोधचिन्ह, खाली माझी प्रार्थना. आणि तिला सगळ्या खात्याचा अंगठा! लेखा शाखेचा, दुरुस्ती शाखेचा, पहारेकऱ्याचा, खुद्द बाईंचा. सर्वांत पहिला साहेबांचा. (ते स्वतःच्या खात्याला नेहमी पहिला अंगठा देतात, गाडीतूनच.) पाणीपुरवठा खात्याने एकमताने देवाकडे साहेबांसाठी सुबुद्धी मागितली होती आणि साहेबांनी तिला अनुमोदन दिलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, “मी वाचलं नव्हतं हो.” मग फोन खाली घेत म्हणाल्या, “पण आता वाचलंय, तरी अंगठा काढत नाही.”

मी लगेच पुसणार होतो, दाजी, खोटं कशाला बोलू. माझी प्रार्थना ज्याला पोचायची त्याला पोचली होती, ती पेजवर ठेवायचा मला हट्ट नव्हता. पण बोट उचललं तेव्हा खाली मावशींचं एकाच शब्दाचं उत्तर आलेलं होतं : “तथास्तु.” आणि त्याच्या खाली बाकीची वस्ती. आमच्याकडेही तेच, आमच्या गल्लीत तर वास येतो, शाळेच्या टाकीत किडे आहेत, आमच्यासाठीपण मागा. लोक आपापले ग्लास घेऊन उभे होते. वरची माझी ओळ काढली की तिच्याखालची ही सगळी माणसं एका झटक्यात पुसली गेली असती. मी बोट मागे घेतलं. चूक फोनची झाली होती. प्रार्थनेत मला अजूनही एक शब्द बदलावासा वाटत नाही.

साहेबांनी आत बोलावलं. आरडाओरडा नाही, फितीसमोर करतात तसा चेहरा केला. म्हणाले, “पेज हॅक झालं असं लिहून द्या. संगणक शाखा दाखला देईल.” मी विचारलं, “कोणी हॅक केलं?” ते म्हणाले, “अज्ञात शक्तींनी.” मी म्हटलं, “अज्ञात शक्तींना मावशींच्या नळाची एवढी काळजी असती तर आपलं खातंच त्यांना चालवायला दिलं असतं. आणि साहेब, तुमचा अंगठा? तोही हॅक झाला का?” त्यांनी खरोखर आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्यांची दया आली. मग त्यांनी नोटीस दिली. माफी लिहायची, पोस्ट काढायची, मावशींना ब्लॉक करायचं. नाहीतर डोंगरावरच्या टाकीवर बदली. तिथे ऑफिस नाही, पेज नाही, फक्त एक टाकी आणि एक खोली. घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “सगळ्यांत आधी पाणी त्या टाकीतच येतं ना? मग भांडी बांधायला घेऊ?” दाजी, ज्याच्या घरी असं उत्तर मिळतं त्याला कोणती नोटीस घाबरवणार?

तेव्हा तुमच्या निरोपाचं उत्तर असं, की सोमवारी मी येणार. इस्त्रीचा सदरा घालून, देवाला नमस्कार करून येणार. तुमच्या समितीने विचारावं, मी सांगेन. लाइक कोणाचे? आमचेच, चहाच्या आतले. फोटो कोणाचे? कात्रीचे. ती पोस्ट कोणी टाकली? मी. पश्चात्ताप आहे का? फिटरच्या बातमीला आलेल्या अंगठ्यांचा आहे, या पोस्टचा नाही. तुम्ही त्या टेबलापलीकडे बसलेले असाल. माझ्याकडे पाहून मान हलवू नका, डोळ्यांनी खुणावू नका, आणि मुख्य म्हणजे नात्याचा माणूस म्हणून मला सोपे प्रश्न विचारू नका. मला अवघडच हवेत. मी आयुष्यभर टिपणं लिहिली, ती कोणी वाचली नाहीत. एकदा कोणीतरी समोर बसून विचारणार आहे, ती संधी माफीच्या एका ओळीसाठी मी घालवणार नाही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याला गरम पाण्याची वाफ घ्या. (पाणी आधी गाळून.)

आपला,
हट्टी मेव्हणा

ता. क. : वरचं लिहून झाल्यावर एक बातमी आली ती प्रामाणिकपणे कळवतो. समितीचे लोक जुन्या वस्तीत फेरी मारणार अशी कुणकुण लागताच दुरुस्ती शाखेने मावशींच्या गल्लीतला व्हॉल्व्ह बदलला. साहेबांनी फीत कापली. फोटो मीच टाकला आणि त्याला अंगठाही दिला, नोकरीतला पहिला, कारण तो मला मनापासून आवडला. मावशींनी स्वच्छ पाण्याच्या ग्लासचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “आजचं. आता मागची गल्ली.” तेव्हा देवाने आधी पाणी दिलं असं दिसतं. सुबुद्धीचं अजून काही कळलेलं नाही. नोटीस कायम आहे.

आणखी ता. क. : आता कागदावर पत्र का, ते. तुमच्या सहीची प्रश्नावली आली आहे, तिच्यातला शेवटचा प्रश्न असा, की कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने किंवा लोकप्रतिनिधीने प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला ब्लॉक केल्याचं उदाहरण आपल्या माहितीत आहे काय? दाजी, एक आहे. शाळेच्या नव्या कमानीच्या तुमच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, “कमान सुंदर झाली आहे. वर्गाच्या छताचं काय? मुलं अजून गळक्या कोपऱ्यातून बाकं सरकवतात.” दुसऱ्या दिवसापासून तुमचं पेज मला दिसत नाही आणि माझे मेसेज तुम्हाला पोचत नाहीत. फोन केला की तुमचे सहायक सांगतात, दाजी मीटिंगमध्ये आहेत. सोमवारी मी शपथेवर असेन. तेव्हा खरी विनंती एवढीच, की रविवारपर्यंत मला ब्लॉकमधून काढा. काढलंत तर शपथेवर “होतं, पण त्यांनी सुधारलं” एवढंच सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला अभिमान वाटेल. नाही काढलंत तर बदलीच्या टाकीजवळच्या खोलीत तुम्ही रागावून आलात तरी चहा मिळेल. आणि हेही आधीच सांगून ठेवतो, काढल्यावर माझा पहिला प्रश्न छताचाच असेल.

शेवटचं ता. क. : ताईने परवा तुमचा माफीचा निरोप देऊन झाल्यावर आवाज खाली आणून “लिहू नकोस” असंही सांगितलं होतं, ते मी विसरलो नाही. आज तिचा पुन्हा फोन आला होता. तिलाही तुम्ही ब्लॉक केलं आहे म्हणते, तिनेही छताचंच विचारलं होतं म्हणून. पण तिच्यासाठी घाई करू नका, असा तिचा निरोप आहे. ती म्हणते, तिला तुम्ही जेवायला बसलात की विचारता येतं.